व्यापारी दाव्यांची वकिली : घटनाक्रमाचा तक्ता, उलटतपास आणि हुकूमनाम्यानंतरचे काम

दप्तरदार

व्यापारी तंट्यांची वकिली म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर न्यायालयातला युक्तिवाद येतो. मी हे काम २६ वर्षे करत आलो आहे आणि त्यातला फार थोडा वेळ उभे राहून बोलण्यात गेला आहे. पुरवठ्याचे करार, भागीदारांतील फाटाफूट, जहाजाचे थकलेले भाडे, विमा कंपनीने फेटाळलेली मागणी, बँकेची हमी, भागधारकांचे वाद या प्रकरणांचा निकाल बहुतांशी जुन्या कागदांवर लागतो. ते कागद कोणीतरी भांडणाचा विचारही मनात नसताना लिहिलेले असतात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी आणि आयुष्यात कधीतरी असा दावा लढवावा लागेल अशा सर्वांसाठी हे काम आतून कसे चालते ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

नवा अशील आला की तो हकिगत शेवटापासून सांगतो : समोरच्याने पैसे बुडवले. मी ती मध्ये न तोडता ऐकून घेतो आणि मग कागद मागतो. सगळे मागतो, आणि त्याला जे गैरसोयीचे वाटतात ते आधी मागतो. पहिल्याच दिवशी मुदत मोजून ठेवावी लागते, कारण मुदत उलटली तर बाकीच्या कशाचाच उपयोग नसतो. करारभंगाच्या दाव्याला भारतात सर्वसाधारणपणे ३ वर्षे मिळतात, इंग्लंडमध्ये ६. त्यानंतर घटनाक्रमाचा तक्ता करायला घेतो. त्यात चार रकाने असतात : तारीख, काय घडले, ते कोणत्या कागदावरून कळते, आणि तो कागद कोणाच्या दप्तरातून आला. चौथा रकाना नवे वकील हमखास गाळतात. एखादे पत्र फक्त आमच्याच फायलीत सापडते आणि समोरच्याच्या फायलीत त्याचा मागमूस नसतो, तेव्हा ते पत्र खरोखर पाठवले गेले होते का, हा प्रश्न उलटतपासात येणार हे त्या रकान्यामुळेच आधी कळते.

चौथ्या रकान्याचे महत्त्व मला एका यंत्राच्या प्रकरणाने शिकवले. माझा अशील पुरवठादार होता. खरेदीदाराने शेवटचा हप्ता अडवला होता आणि यंत्र पहिल्या दिवसापासून सदोष होते असे त्याचे म्हणणे होते. आमचा सारा भर डिलिव्हरी चलनावर होता. त्यावर खरेदीदाराच्या भांडारपालाची सही होती आणि कोणतीही तक्रार नोंदलेली नव्हती. खरेदीदाराने आपली प्रत दाखल केली, तेव्हा सहीखाली निळ्या शाईत दोन शब्द आढळले : ‘तपासणी बाकी’. आमची प्रत कार्बनची होती. तिच्यावर सहीचा दाब स्पष्ट उमटला होता, पण त्या दोन शब्दांचा पुसटसाही ठसा नव्हता. म्हणजे दोन्ही प्रती वेगळ्या झाल्यानंतर ते शब्द लिहिले गेले होते, याबद्दल शंका उरली नाही. माझ्या अशिलाला जिंकल्यासारखेच वाटू लागले आणि खरे सांगायचे तर मलाही.

प्रती वेगळ्या झाल्यानंतर म्हणजे केव्हा, हा प्रश्न मात्र मी पुरेसा विचारला नव्हता. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर पाच मिनिटांनी, की दावा लागल्यावर दोन वर्षांनी? समोरच्या वकिलांनी आवक नोंदवही दाखल केली. त्याच तारखेच्या पानावर, त्याच हस्ताक्षरात, पुढच्या-मागच्या नोंदींच्या मधोमध तेच शब्द होते. मागून घुसडायला तिथे जागाच नव्हती. ती नोंदवही मी दस्तऐवज मागवण्याच्या टप्प्यावरच मागायला हवी होती. ती मागितली असती, तर अशिलाला आठ महिने आधी खरी परिस्थिती सांगता आली असती आणि तडजोड अधिक चांगल्या अटींवर झाली असती. ती चूक माझी होती आणि तसे मी त्याला सांगितले. तेव्हापासून कोणताही सुटा कागद माझ्यासमोर आला की त्याचे भावंड कुठे असेल, म्हणजे तीच घटना दुसऱ्या कोणत्या नोंदीत उमटली असेल, हे मी आधी शोधतो.

कोणाला काय कळवले होते, या एका प्रश्नावर कायद्याची केवढी इमारत उभी राहू शकते ते पाहायचे असेल, तर १८५४ सालचा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा इंग्लिश निवाडा वाचावा. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीतील वाफेच्या इंजिनाचा दांडा मोडला. नव्या दांड्याचा नमुना म्हणून तो ग्रिनिचच्या कारखानदारांकडे पाठवायचा होता. वाहतूकदाराकडून उशीर झाला, गिरणी आणखी काही दिवस बंद राहिली आणि बुडालेल्या नफ्यापोटी ३०० पौंडांची मागणी झाली. करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे नुकसान, किंवा करार करताना दोन्ही पक्षांच्या ध्यानात असणे अपेक्षित होते तेवढेच नुकसान भरून मिळेल, असे न्यायालयाने ठरवले. भारतीय करार अधिनियमाच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आहे. विशेष म्हणजे, गिरणी बंद आहे आणि दांडा ताबडतोब पोचला पाहिजे असे वाहतूकदाराच्या कारकुनाला सांगितले होते, असे छापील निवाड्याच्या शिरोटिपेत, म्हणजे वर दिलेल्या सारांशात, आहे. न्यायालयाने मात्र, हा गिरणीचा मोडलेला दांडा आहे आणि आपण गिरणीवाले आहोत एवढेच सांगितले होते, असे धरून निकाल दिला. जगभर उद्धृत होणाऱ्या निवाड्याच्या मुळाशी एका खिडकीवर झालेले, कागदावर न उतरलेले संभाषण आहे. त्या दिवशी पावतीवर एक ओळ लिहिली गेली असती, तर निकालाला निराळे वळण लागू शकले असते.

नवी_सनद

आपला लेख दोनदा वाचला. मला सनद मिळून दीड वर्ष झाले असून व्यापारी दावे लढवणाऱ्या एका कार्यालयात मी काम करते. माझा बहुतेक दिवस अशिलाच्या संगणकावरून आलेले हजारो ईमेल वाचून त्यांची वर्गवारी करण्यात जातो. वर्गमैत्रिणी जामिनाच्या अर्जांवर स्वतः युक्तिवाद करतात आणि मी अजून न्यायाधीशांपुढे तारखेखेरीज काही मागितलेले नाही. या वाचनातून वकील घडतो का, हे मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे. शिवाय हेच काम आता संगणक करू लागला आहे, तेव्हा माझ्या वाट्याला पुढे काय उरेल, ही काळजीही आहे.

दप्तरदार

आपली काळजी रास्त आहे. या वाचनातून वकील घडतो, मात्र वर्गवारीपाशी न थांबता तो वाचत असला तर. ईमेल वाचताना मी तीन गोष्टींकडे पाहत असे. माणसाची भाषा अचानक कधी बदलते, ही पहिली. रोज दोन ओळींत उत्तर देणारा व्यवस्थापक एके दिवशी क्रमांक घातलेले परिच्छेद लिहू लागला, तर त्या दिवशी त्याने वकिलाचा सल्ला घेतला असे समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे मौन. बिलाबद्दल तक्रार असलेला माणूस चार स्मरणपत्रांना उत्तर देताना तक्रारीचा उल्लेखही करत नसेल, तर ते मौन पुराव्याइतकेच बोलके असते. तिसरी म्हणजे ‘फोनवर बोलू’ हे वाक्य. ते जिथे येते तिथे घटनाक्रमात मी लाल खूण करतो, कारण महत्त्वाचे जे काही ठरले ते त्या फोनवर ठरलेले असते आणि त्याबद्दल दोन्ही साक्षीदार पुढे दोन वेगळ्या हकिगती सांगणार असतात.

स्मरणशक्तीबद्दल न्या. लेगट यांनी गेस्टमिन विरुद्ध क्रेडिट स्विस या २०१३ च्या निवाड्यात जे लिहिले आहे, ते आपण अवश्य वाचावे. प्रामाणिक माणसाची आठवणही पुन्हा पुन्हा सांगताना बदलत जाते आणि दाव्याची तयारीच तिला नवा आकार देते, म्हणून व्यापारी प्रकरणात तथ्ये ठरवताना लेखी पुरावा व निर्विवाद घटना यांवर भर द्यावा, असा त्याचा आशय आहे. मी तो वाचला, तेव्हा माझ्या कितीतरी साक्षीदारांचे चेहरे आठवले. ते खोटे बोलत नव्हते. पाच वर्षे मनात घोळवलेली हकिगत त्यांना खरोखरच तशी आठवत होती.

संगणकाबद्दल माझे मत असे आहे की शोधण्याचे काम त्याला जरूर द्यावे, पण वाचण्याची जबाबदारी देऊ नये. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माता विरुद्ध एव्हिआंका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. निवाड्याचा मूळ मजकूर उघडून वाचायला फार वेळ लागला नसता. न्यायालयापुढे ठेवलेल्या प्रत्येक ओळीची हमी वकील स्वतः देत असतो.

हिशेबनीस

मी वकील नाही. एका उत्पादक कंपनीच्या वित्त विभागात १८ वर्षे काम करताना कंपनीचे दावे सांभाळणे माझ्याकडे आले, म्हणून खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. वकिलांबद्दल माझी मुख्य तक्रार फीची नाही. जे दुसऱ्या महिन्यात कळलेले असते, ते आम्हाला तिसऱ्या वर्षी सांगितले जाते, ही आहे. आमची एक मागणी सुरुवातीपासून कमजोर होती. तसे स्पष्ट शब्दांत कोणी सांगितले असते, तर संचालक मंडळाने ती पहिल्याच वर्षी सोडून दिली असती.

प्रकरण किती ताणले जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणून मी आमच्या संचालकांना थ्री रिव्हर्स खटल्याची माहिती दिली होती. बीसीसीआय, म्हणजे बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल, ही बँक १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या अवसायकांनी, म्हणजे बुडालेल्या बँकेचा कारभार गुंडाळणाऱ्यांनी, १९९३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडवर दावा लावला. सुनावणी सुरू झाली २००४ मध्ये. वादींच्या वकिलांचे प्रास्ताविकच सुमारे ८० दिवस चालले आणि त्याला बँकेच्या वकिलांनी दिलेले उत्तर ११९ दिवस. नोव्हेंबर २००५ मध्ये वादींनी दावा सोडून दिला. इंग्लंडमध्ये साधारणपणे हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा लागतो, त्यामुळे त्या माघारीची किंमत केवळ स्वतःच्या वकिलांच्या फीपुरती राहत नाही. अमेरिकेत बहुधा ज्याचा खर्च त्याने सोसायचा असतो, त्यामुळे तिथले तडजोडीचे गणितच निराळे होते.

त्याच वादातून २००३ साली निघालेला दुसरा एक निवाडा कंपनीत काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखा आहे. बँक ऑफ इंग्लंडने वकिलांशी व्यवहार करण्यासाठी तीन अधिकाऱ्यांचा गट नेमला होता. वकिलाचा ‘अशील’ म्हणजे तो गट, आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांनी तयार केलेल्या टिपणांना वकील-अशील गोपनीयतेचे संरक्षण नाही, असे तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले. तेव्हापासून वाद उद्भवताच मी विभागप्रमुखांना लेखी सूचना देतो की चूक कोणाची यावर आपापसांत ईमेल पाठवू नयेत आणि आहे तो कोणताही कागद नष्ट करू नये. या दोन्ही सूचना एकाच पत्रात द्याव्या लागतात, कारण पहिली वाचून लोक दुसरीच्या उलट वागतात.

मध्यममार्ग

हिशेबनीस यांच्या तक्रारीशी मी सहमत आहे. मी १५ वर्षे व्यापारी दावे लढवले आणि गेली सात वर्षे केवळ मध्यस्थी करतो. दप्तरदार यांच्या एका गृहीतकाशी मात्र माझे मत जुळत नाही. वादाचा निकाल कागदावर लागतो हे खरे असले, तरी वाद सुरू कशामुळे झाला हे कागदावर क्वचितच दिसते. दोन भावांनी मिळून उभी केलेली कंपनी होती, आणि दावा होता लाभांश वाटपाचा. सहा तास आकडे मांडून झाल्यावर धाकट्याने सांगितले की नव्या कारखान्याच्या कोनशिलेवर आपले नाव घातले नाही, त्या दिवसापासून आपण बोलणे सोडले. घटनाक्रमाच्या कोणत्याही रकान्यात ती कोनशिला नव्हती. त्यानंतर आकड्यांवर तोडगा निघायला दीड तास पुरला.

मध्यस्थीतून झालेल्या आंतरराष्ट्रीय तडजोडींची अंमलबजावणी सुकर व्हावी, यासाठी ७ ऑगस्ट २०१९ रोजी सिंगापूर येथे एका करारावर पहिल्याच दिवशी ४६ देशांनी सह्या केल्या. त्यांत भारतही होता. दावा लावण्यापूर्वी अशिलाला हा मार्ग समजावून सांगणे हे वकिलाचे कामच आहे असे मी मानतो. जो वकील तो सांगत नाही, तो आपले अर्धेच काम करतो.

दप्तरदार

कोनशिलेची गोष्ट मनाला लागली. माझ्या तक्त्याची ती मर्यादा मी मान्य करतो. आपल्या म्हणण्यात एकच भर घालतो की समोरचा पैसे देऊ शकत असून देणारच नाही असे ठरवून बसला असेल, तर मध्यस्थीच्या टेबलावर त्याला आणण्यासाठीही आधी दाव्याचा दबाव लागतो.

यातूनच हुकूमनाम्यानंतरच्या, म्हणजे दाव्याच्या निकालाचा आदेश हाती आल्यानंतरच्या, कामाकडे येतो. त्याबद्दल विधी महाविद्यालयात जवळजवळ काहीच शिकवले जात नाही. भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, १८७२ सालीच नोंदवले होते. म्हणून वादपत्राचा पहिला मसुदा करण्याआधी मी अशिलाला विचारतो की जिंकलो तर वसुली कशातून होणार. प्रतिवादी कंपनीच्या नावावर जमीन आहे की सगळे भाड्याचे आहे, तिचा माल कोणाकडे तारण आहे, तिला कोणाकडून येणे आहे आणि तिच्या मागे आणखी किती सावकार लागले आहेत, याची माहिती आधी काढावी लागते. ही माहिती काढल्यावर तीन-चार अशिलांनी दावा लावण्याचा विचारच सोडून दिला, आणि तो सल्ला मी माझ्या चांगल्या कामांत धरतो.

निकालाआधीच मालमत्ता हलवली जाण्याची भीती असेल, तर तिचे हस्तांतर थांबवणारा मनाई हुकूम मागता येतो. १९७५ सालच्या मरेवा प्रकरणामुळे हा उपाय इंग्लंडमध्ये रूढ झाला. जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीने हप्ता थकवला होता, तिचे पैसे लंडनच्या बँकेत होते आणि ते एका आदेशासरशी देशाबाहेर गेले असते. जहाजमालकांच्या अर्जावर लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने ते पैसे तिथेच रोखून धरले. असा अर्ज बहुधा समोरच्याला न कळवता केला जातो, म्हणून अर्ज करणाऱ्यावर फार मोठी जबाबदारी येते. समोरचा हजर असता तर त्याने काय सांगितले असते, तेही आपणच न्यायालयाला सांगायचे असते. आपल्या विरोधात जाणारा कागद दडवून मिळवलेला मनाई हुकूम तो कागद बाहेर आला की उठतो आणि त्यासोबत वकिलाचा शब्दही त्या न्यायालयात कायमचा हलका होतो.

प्रतिवादीची मालमत्ता परदेशात असेल, तर करारात लवादाचे कलम आहे का हे मी सर्वांत आधी पाहतो. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा १७० हून अधिक देशांत अमलात आणता येतो. न्यायालयाच्या हुकूमनाम्याला एवढी सर्वदूर मान्यता देणारा करार अजून झालेला नाही. कराराच्या शेवटच्या पानावर घाईने चिकटवलेले ते कलम दहा वर्षांनी सगळ्या वसुलीचा मार्ग ठरवते.

नवी_सनद

सविस्तर उत्तरांबद्दल आपणा सर्वांचे आभार. पुढच्या महिन्यात मला प्रथमच एका साक्षीदाराचा उलटतपास घ्यायचा आहे. तो समोरच्या कंपनीचा लेखापाल आहे. शिवाय आमच्या बाजूने यंत्राच्या दोषांबद्दल एक तज्ज्ञ साक्ष देणार आहे. तयारीची दिशा सुचवावी, ही विनंती.

दप्तरदार

प्रथम उलटतपासाबद्दल. प्रत्येक प्रश्न एका वेगळ्या पानावर लिहा आणि त्याच पानावर त्याचे उत्तर कोणत्या निशाणी क्रमांकाच्या (पुराव्यातील कागदाला न्यायालयाने दिलेल्या क्रमांकाच्या) कागदातून सिद्ध होते ते नोंदवा. ज्या पानावर निशाणी क्रमांक लिहिता येत नाही, तो प्रश्न विचारू नका. प्रश्नात एकच तथ्य ठेवा. ‘आपण बिल तपासून मंजूर केले आणि पैसे देण्याचे कबूल केले होते ना’ असे विचारले, तर साक्षीदार सोयीच्या अर्ध्या भागाचे उत्तर देऊन निसटतो. बिलावरची सही आपली आहे, सहीशेजारची तारीख आपण घातली आहे, त्या तारखेपर्यंत यंत्राबद्दल एकही लेखी तक्रार आपल्याकडे आलेली नव्हती, अशा लहान लहान पायऱ्यांनी जा. तिसऱ्या पायरीनंतर थांबा. ‘मग आपण पैसे का दिले नाहीत’ हा प्रश्न जिभेवर येईल, पण तो विचारलात तर त्याला एवढा वेळ न मिळालेली खुलाशाची संधी आपणच दिलेली असेल. त्यातून निघणारा निष्कर्ष आपण युक्तिवादात मांडायचा असतो. लेखापालाशी आदराने बोला. तो बहुधा वरिष्ठांच्या सांगण्यावरून तिथे आलेला, घाबरलेला माणूस असतो, आणि शांतपणे विचारले तर स्वतःच्या वहीतले आकडे तो बहुतेक वेळा खरे सांगतो.

तज्ज्ञाबद्दल १९९३ सालचा आयकेरियन रीफर निवाडा वाचा. १९८५ मध्ये ते जहाज खडकावर चढून पेटले होते आणि मालकांनीच ते मुद्दाम घालवले असा विमा कंपनीचा आरोप होता. तज्ज्ञाचे मत दाव्याच्या गरजेनुसार घडवलेले नसावे, आपल्या मताला बाधक ठरणारी तथ्येही त्याने सांगावीत आणि एखादा प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, हे न्या. क्रेसवेल यांनी तिथे घालून दिलेले दंडक अनेक देशांत आजही वापरले जातात. त्या प्रकरणात तथ्यांवरचा निष्कर्ष १९९५ मध्ये अपिलात फिरला, पण हे दंडक टिकले. आपल्या तज्ज्ञाला अहवाल लिहिण्यापूर्वी तुमच्याकडचे सगळे कागद द्या, विशेषतः देखभालीची नोंदवही. अहवालाचे वाक्य तुम्ही सुधारू नका. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला स्वतःचे शब्द आठवावे लागतात आणि तुमचे शब्द तिथे त्याच्या तोंडी बसत नाहीत.

उलटतपासाच्या पानांचा कच्चा मसुदा झाला की तारखा, नावे आणि रकमा काढून इथे ठेवा. निशाणी क्रमांकांचा क्रम तेवढा तसाच राहू द्या, म्हणजे कोणता प्रश्न कोणत्या कागदाआधी येतो ते आपण मिळून पाहू.